लहानग्यांस दिवे दाखवावयाचे ते कोठें?

सहामाही परीक्षेचे पेपर तपासून झाले आणि दिवाळीची सुटी चार दिवसांवर आली, म्हणजे आमच्या जुन्नर-आंबेगांवकडील घराघरांतून एक बेत हटकून ऐकूं येतो : "यंदां धाकट्याला रोषणाई दाखवून आणूं." नाताळच्या आठवड्यांत हाच बेत पुन्हां निघतो. बेत उत्तम आहे. ज्या घरांतील वडील मंडळी तीन-चार वर्षांच्या लेकरासाठीं एक अखंड संध्याकाळ राखून ठेवतात, त्या घराविषयीं आम्हां शिक्षकांस नेहमींच आदर वाटतो. आमचें म्हणणें आहे तें बेताविषयीं नव्हे. तो ज्या रीतीनें पार पाडला जातो त्या रीतीविषयीं आहे.

रीत बहुधा अशी असते. दुपारीं चारास मोटार निघते. मंचर, राजगुरुनगर, चाकण हीं गांवें मागें टाकीत, वाहनांच्या दाटींत थांबत थांबत मंडळी पुण्यास पोचतात तों रात्र पडलेली असते. मग लक्ष्मी रस्ता. नाताळ असल्यास कॅम्पांतील महात्मा गांधी रस्ता. आणि हल्लीं मोठमोठ्या मॉलांत उभारलेलीं दोन-दोन मजले उंचीचीं नाताळची झाडें. मूल बापाच्या खांद्यावर, चोहोंकडे माणसांचा लोट. आई मोबाईल पुढें धरून "इकडे बघ, हस" म्हणते, आणि तें बापडें त्या सगळ्या लखलखाटाकडे पाठ करून आईच्या हातांतील वीतभर कांचेकडे पाहतें. परततांना कांहीं मुलें मोटारींतच झोपीं जातात. कांहीं घरीं आल्यावरहि मध्यरात्रीपर्यंत टक्क जागीं राहतात व रडून घर डोक्यावर घेतात. याचें कारण हट्ट नव्हे. अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१८ सालीं एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पांच वर्षांच्या मुलांस झोपेपूर्वीं तासभर प्रखर उजेडांत खेळविलें, तेव्हां झोप आणणारा शरीरांतील स्राव बहुतेक बंद पडलेला आढळला, आणि उजेड कमी केल्यावरहि तो लवकर पूर्ववत् झाला नाहीं. थोरांच्या डोळ्यांपेक्षां लहानांच्या डोळ्यांत उजेड अधिक शिरतो, एवढें तरी पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

परंतु झोप ही गौण गोष्ट झाली. मुलाच्या पदरांत काय पडलें, हा खरा प्रश्न आहे. गतवर्षीं सुटीनंतर आम्ही मुलांस 'पाहिलेली रोषणाई' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. बहुतेकांनीं रस्त्यांचीं व दुकानांचीं नांवें दिलीं होतीं. एका मुलानें मात्र आपल्या चार वर्षांच्या बहिणीविषयीं लिहिलें होतें. पुण्याहून परत आल्यावर आजीनें तिला विचारलें, "काय काय पाहिलेंस ग?" ती म्हणाली, "एक काका शिडीवर चढला होता. त्यानें दिवा लावला." इतक्या सहस्र दिव्यांतून तिनें उचलला तो हा एक. दुकानाच्या पाटीवरील बिघडलेला दिवा कोणी कामगार बदलीत असावा. वाचून वर्गांतील मुलें हंसलीं. आम्हांस मात्र त्या चिमुरडीची निवड बिनचूक वाटली. तिनें जें पाहिलें त्याला आरंभ होता, माणूस होता, हात होता. बाकीचे दिवे ती येण्यापूर्वींच लागलेले होते आणि ती गेल्यावरहि तसेच लागून राहिले. त्यांत तिच्या डोळ्यांदेखत कांहींच घडलें नाहीं.

लहान मुलास दिवा पाहण्यापेक्षां दिवा लागतांना पाहणें अधिक आवडतें, हें आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें असें वाटतें. आपल्याकडील जुन्या दिवाळींत सगळे दिवे एकदम लागत नसत. वसुबारसेस दोन पणत्या, धनत्रयोदशीस त्यांत भर, आणि लक्ष्मीपूजनास अंगण भरून ओळी. त्रिपुरी पौर्णिमेस साडेसातशे वातींचा त्रिपुर जाळण्याची चाल कित्येक घरांतून अद्यापि आहे. त्या वाती आजीबाई महिनोन् महिने वळीत बसतात, आणि मांडीपाशीं बसलेलें नातवंड त्या मोजावयास शिकतें. कापूस, वात, तेल, ज्योत हा सारा क्रम त्याच्या डोळ्यांपुढून जातो.

आमच्या ख्रिस्ती घरांतूनहि अशीच एक गोड चाल आहे. नाताळच्या आधींच्या चार रविवारीं क्रमानें एक, दोन, तीन, चार मेणबत्त्या लावतात. हिचा उगम जर्मनींतील हांबुर्ग शहरीं आहे. तेथें योहान हिन्रिख विखर्न नांवाचे धर्मोपदेशक निराधार मुलांचें एक वसतिगृह चालवीत. "नाताळ कधीं येणार?" असें मुलें त्यांस रोज विचारून भंडावून सोडीत. १८३९ सालीं त्यांनीं गाडीचें एक जुनें चाक घेतलें, त्यावर वारांच्या लहान व रविवारांच्या चार मोठ्या मेणबत्त्या बसविल्या, आणि रोज एकेक लावण्यास आरंभ केला. उत्तर मुलांच्या डोळ्यांपुढें रोज एका ज्योतीनें वाढूं लागलें. लहानांस वाट पाहावयास कसें शिकवावें यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. त्या चाकापेक्षां अधिक कांहीं त्यांत असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

विजेच्या दिव्यांचा आम्ही तिरस्कार करितों असें मात्र कोणी समजूं नये. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनीं १८८२ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्क येथें आपल्या घरच्या नाताळच्या झाडावर तांबडे, पांढरे व निळे असे ऐंशी विजेचे दिवे लावले. त्यापूर्वीं झाडावर पेटत्या मेणबत्त्या असत व आगी लागत, तेव्हां ती सुधारणाच होय. आजच्या एल.ई.डी. माळा तर अत्यल्प विजेंत जळतात. निळ्या प्रकाशाच्या एल.ई.डी.बद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांस २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें, तें योग्यच झालें. पण दिवा इतका स्वस्त झाला कीं तो मालविण्याचें कारण उरलें नाहीं, आणि जो मालवला जात नाहीं तो पुन्हां लागणार कसा? घटस्थापनेस दारावर चढलेली माळ पुढें संक्रांत उलटली तरी तशीच लुकलुकत असते. चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनें ती भिंतीचाच एक भाग होऊन जाते.

मग आम्ही मुलांस कोठें न्या म्हणतों? फार दूर नव्हे. जुन्नर तालुक्यांतील ओझर येथें कुकडी नदीच्या कांठीं विघ्नेश्वराचें देऊळ आहे. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं वसई जिंकल्यानंतर या देवळाचा जीर्णोद्धार करवून शिखर सोन्यानें मढविलें, असें सांगतात. त्याच वसईहून आलेली एक थोरली घंटा भीमाशंकराच्या देवळापुढें टांगलेली आहे. तिजवर १७२९ हें सालहि आहे. ख्रिस्ती देवळांतील घंटा सह्याद्रीच्या धुक्यांत वाजत राहिली, हा इतिहासाचा एक विलक्षण प्रकार होय. तें असो. ओझरच्या आवारांत भक्कम दगडी दीपमाळा आहेत, आणि कार्तिकी पौर्णिमेच्या उत्सवांत त्या उजळतात. आम्हीं पालकांस सुचवावयाचें आहे तें इतकेंच कीं, दिवे लागल्यावर जाऊं नये. सूर्य असतांना जावें. काळ्या दगडाचे ते स्तंभ दिवसाउजेडीं मुलास दाखवावे. त्यांस फुटलेले दगडी हात त्याला मोजूं द्यावे. पणत्यांत तेल घालणाऱ्या माणसांजवळ त्याला उभें करावें. मग हळूंहळूं काळोख पडेल, आणि एकेका हातावर ज्योत दिसूं लागेल. एखादी वाऱ्यानें विझेल व पुन्हां लावावी लागेल. मुलास तेंच सर्वांत आवडेल.

ख्रिस्ती शिक्षकानें देवळाच्या दीपमाळेची शिफारस करावी याचें कोणांस नवल वाटल्यास, आमच्या शाळेचा पट त्यांनीं पाहावा. सर्व धर्मांचीं मुलें एका बाकावर बसतात. दुसऱ्याच्या दारचा दिवा आदरानें पाहिल्यानें कोणाच्या श्रद्धेस उणेपणा येत नाहीं. आमच्या नाताळच्या चांदण्या पाहावयास शेजारचीं मुलें येतात, तेव्हां त्यांच्याहि आया त्यांस अडवीत नाहींत.

येथवर वाचून आमचे कांहीं पालक म्हणतील, "गुरुजी, हें सारें ठीक. पण दिवस मावळल्यावर लेकरू घेऊन घराबाहेर पडायचें कसें?" हा प्रश्न आमच्या भागांत आज सर्वांत कठीण आहे, आणि त्याला बगल देऊन दिव्यांच्या गोष्टी सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल.

येडगांव, माणिकडोह, वडज, डिंभें व पिंपळगांव जोगें या धरणांनीं आमच्या मुलखाचें रूप पालटलें. डिंभ्याच्या जलाशयांत तर ज्या गांवावरून आंबेगांव तालुक्यास नांव मिळालें तें जुनें आंबेगांवच बुडालें. कालव्यांचें पाणी आलें, पाण्याबरोबर ऊंस आला, विघ्नहर व भीमाशंकर हे कारखाने उभे राहिले, घरांत पैसा आला. पण उंसाच्या दाट फडांत बिबट्यालाहि घर मिळालें. तो आतां पाहुणा नाहीं. त्याच्या कित्येक पिढ्या उंसांतच जन्मल्या. दिवाळीच्या सुमारास तोडणी सुरू झाली म्हणजे त्याचा आसरा मोडतो व तो वाडी-वस्तीभोंवतीं फिरूं लागतो. आमचे सण आणि त्याचें विस्थापन एकाच ऋतूंत येतें. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शेजारच्या शिरूर तालुक्यांत पिंपरखेड येथें बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुलांचे प्राण गेले. संतप्त लोकांनीं मंचर येथें पुणें-नाशिक रस्ता रोखून धरला. दुसरें मूल दगावलें तें २ नोव्हेंबरला, आणि त्यानंतर तीनच दिवसांनीं त्रिपुरी पौर्णिमा होती. त्या संध्याकाळीं दिवेलागणीच्या आधींच घरांचीं दारें लागलीं असतील, तर त्या आईबापांस कोण दोष देईल?

तरीपण आम्हांस जी भीति वाटते ती सांगितलीच पाहिजे. बिबट्याच्या धाकानें दार लावून घेतलेलें घर आणि पुण्याच्या झगमगाटांतून फिरविलेली बंद मोटार, या दोहोंमध्येंच आमच्या मुलांच्या साऱ्या संध्याकाळी सरूं लागल्या, तर आपल्या गांवची संध्याकाळ त्यांस ठाऊकच होणार नाहीं. काळोख म्हणजे केवळ मरण, आणि उजेड म्हणजे केवळ दुकान, असा त्यांचा समज होईल. पुढें हींच मुलें मोठीं होऊन या गांवांत राहावयाचें कीं नाहीं हें ठरविणार आहेत. म्हणून आम्ही म्हणतों, बाहेर पडावें. पण शहाणपणानें पडावें. एकट्या कुटुंबानें न जातां आळींतील चार-पांच कुटुंबांनीं मिळून जावें. लहानांस मध्यें घ्यावें, पुढें व मागें थोरांनीं चालावें. हातांत बॅटरी असावी आणि तोंडानें मोठ्यानें बोलणें चालूं असावें; मुलें बरोबर असलीं म्हणजे याची फारशी काळजी करावी लागत नाहीं. फडाच्या कडेनें जाणारी जवळची वाट सोडून लांबची मोकळी वाट धरावी. मूल लघवीसाठीं कडेला एकटें बसूं नये, कारण खालीं बसलेलें मूल बिबट्यास एखाद्या लहान जनावरासारखें भासतें. आठाच्या आंत घर गांठावें. वनखात्याचीं माणसेंहि बहुतेक हेंच सांगतात. ज्या आठवड्यांत गांवाच्या शिवारांत बिबट्या दिसल्याची पक्की बातमी असेल, त्या आठवड्यांत मात्र अंगणांतच दिवे लावावे. तेथें धिटाईचें प्रदर्शन नको.

चंद्राचाहि हिशेब करावा. दिवाळीचे दिवे अमावास्येच्या गडद काळोखांत लागतात, त्रिपुरीचे पुऱ्या चांदण्यांत. नाताळास मात्र चंद्राचा नेम नसतो, कारण तो सण सूर्याच्या पंचांगावर चालतो. २०२३ सालीं नाताळच्या रात्रीं चंद्र जवळजवळ पूर्ण होता. २०२५ सालीं आकाशांत लहानशी कोर तेवढी होती. आमचीं मुलें घरोघर नाताळचीं गाणीं म्हणत फिरतात, त्या फेरीची वेळ आम्हीं याच हिशेबानें पुढें-मागें केलेली आहे. पूर्वीं ही फेरी रात्रीं दहानंतर निघे. आतां ती सांजावतांच निघते व लवकर संपते. यामुळें पूर्वीं झोपलेलीं असत तीं लहान मुलेंहि तिच्यांत येऊं लागलीं, एवढा एक लाभ झाला.

या वाटेवर मुलास आणखी एक गोष्ट दिसेल, आणि ती दिसावी अशी आमची इच्छा आहे. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला म्हणजे बीड, अहिल्यानगर इत्यादि जिल्ह्यांतून तोडणीकामगार आमच्याकडे येतात व रानांत कोप्या घालून राहतात. कोपीला दार नसतें. आईबाप पहांटेच्या अंधारांत फडावर जातात. मागें धाकट्यास सांभाळीत आठ-नऊ वर्षांची बहीण बसते. ज्याच्या भीतीनें आम्ही पक्क्या घरांचीं दारें लावतों, त्याच्या आणि त्या मुलांच्या मध्यें पाचटाची एक कूड तेवढी असते. आमच्या बंगल्यांच्या कुंपणावर तीन-तीन महिने माळा लुकलुकाव्या, आणि तेथून हांकेच्या अंतरावर त्या कोप्यांपुढें काळोख असावा, हें आम्हांस सणाचें लक्षण वाटत नाहीं. ज्यांच्या रानांत कोप्या पडल्या आहेत त्या बागाइतदार पालकांनीं यंदां एक माळ कमी घ्यावी आणि त्या पैशांत सौर दिवा आणून कोप्यांपुढें खांबावर लावावा. तो लावावयास जातांना आपल्या चार वर्षांच्या मुलास बरोबर न्यावें. दिवा लागतांना पाहावयाचा असेल तर हाहि दिवाच आहे, आणि पलीकडे तो पाहावयास मुलेंहि उभीं असतील. उजेडानें बिबट्या सर्वस्वी टळतो असें नाहीं. पण आपल्या लेकरांस घराबाहेर काय आहे हें त्या आईस दिसेल, हें कांहीं थोडें नव्हे.

आंबेगांवच्या पश्चिमेकडील पालकांस आणखी एका रोषणाईची आठवण द्यावयाची आहे. मे महिन्याच्या अखेरीस, पावसापूर्वीं, भीमाशंकराच्या रानांत झाडेंच्या झाडें काजव्यांनीं उजळून निघतात. हा त्यांचा परस्परांस हांक मारण्याचा प्रकार आहे. नर-मादी या लुकलुकण्यानेंच एकमेकांस ओळखतात. हल्लीं शहरांतून मोटारींच्या रांगा तिकडे लोटतात, पुढचे दिवे जळते ठेवून झाडाखालीं उभ्या राहतात, आणि मग काजवे दिसत नाहींत म्हणून माणसें हिरमुसतात. बॅटरीच्या उजेडांत काजव्याची हांक काजव्यास पोचत नाहीं. तुमच्या वाडीजवळ काजव्यांचें झाड असेल, तर मुलास मांडीवर घेऊन, सर्व दिवे मालवून, अंगणांत किंवा पडवींत दारापाशींच बसावें. डोळे अंधारास सरावण्यास वीस-पंचवीस मिनिटें लागतात. तेवढा वेळ मूल गप्प बसेल का, असें आई विचारील. बसत नाहीं. तें प्रश्न विचारीत राहतें, आणि काजव्यांस बोलण्याचा कांहीं त्रास होत नाहीं.

राहिली एक शंका. "इतक्या लहान वयांतलें पुढें कांहींच लक्षांत राहत नाहीं, मग एवढी यातायात कशासाठीं?" असें आम्हांस एका सुशिक्षित गृहस्थांनीं विचारलें होतें. तिसऱ्या-चौथ्या वर्षींच्या गोष्टी बहुतेकांस आठवत नाहींत, हें खरें. त्यांच्या तीन मुलांपैकीं थोरला आमच्या नववीच्या वर्गांत आहे. आम्हीं त्यांस सांगितलें, "धाकट्याचें बोट थोरल्याच्या हातीं द्या. धाकटा विसरला, तरी त्याला काय दाखविलें हें थोरला विसरणार नाहीं." गृहस्थ हंसले. पुढें त्या वर्षींच्या पौर्णिमेस ते ओझरास गेले, पांच कुटुंबें मिळून, दोन जीपगाड्यांतून. पहिल्या दीपमाळेचे निम्मे दिवे लागले नाहींत तोंच धाकटा "आतां घरीं" म्हणाला, आणि मंडळी त्याला घेऊन परतली.